चढउतारांच्या क्रॉस कंट्री शर्यतीसाठी शाळेच्या संघाची तयारी कशी करावी

न्यू जर्सीतल्या हायस्कूलमध्ये क्रॉस कंट्री धावणाऱ्या मुलांच्या तोंडी ऑक्टोबर उजाडला की एकच नाव असते, ते म्हणजे होमडेल. मॉनमाउथ काउंटीतल्या होमडेल पार्कमधली ही पाच किलोमीटरची वाट राज्यभरातल्या धावपटूंची परीक्षा पाहते. ऑक्टोबरच्या सुरुवातीची ‘शोर कोचेस इनव्हिटेशनल’ ही शर्यत तिथेच होते आणि नोव्हेंबरमधल्या राज्य पातळीवरच्या शर्यतीही वर्षानुवर्षे तिथेच होत आल्या आहेत. न्यू जर्सीतल्या मराठी घरांतली मुले आणि मुली आता अशा संघांतून धावतात. शनिवारी अंधारातच थर्मासमध्ये चहा भरून, घडीच्या खुर्च्या गाडीत टाकून त्यांचे आईवडील पार्कच्या वाटेला लागतात. मी गेली काही वर्षे एका शाळेच्या संघाला स्वयंसेवक म्हणून मदत करतो. या काळात सपाटीवर उत्तम धावणारे संघ चढउतारांच्या वाटेवर कोलमडताना मी पाहिले आहेत आणि मध्यम कुवतीचे संघ त्याच वाटेवर सर्वांच्या पुढे गेलेलेही पाहिले आहेत. दोघांत फरक पडतो तो तयारीच्या पद्धतीचा. ती पद्धत मुलांना, पालकांना आणि नव्याने कोचला मदत करू लागलेल्या मंडळींना उपयोगी पडावी, म्हणून हे लिहितो आहे.

प्रथम गुणांचा हिशेब समजून घ्यावा, कारण सगळी आखणी त्यावरच उभी असते. संघातून सात जण धावतात, त्यांपैकी पहिल्या पाच जणांच्या क्रमांकांची बेरीज होते आणि ज्या संघाची बेरीज सर्वांत कमी तो जिंकतो. सहावा आणि सातवा यांचे क्रमांक बेरजेत धरत नाहीत, पण ते दुसऱ्या संघाच्या पाचव्या खेळाडूच्या पुढे आले तर त्याचा क्रमांक मागे ढकलतात. दोन संघांची बेरीज सारखी झाली तर निकाल सहाव्यावर ठरतो. समजा, एका संघाचे पाच जण १, ४, ९, २२ आणि ४१ या क्रमांकांनी आले. त्यांची बेरीज ७७. दुसऱ्या संघाचे ११, १३, १४, १६ आणि १८ असे आले. त्यांची बेरीज ७२. शर्यतीतला पहिला क्रमांक ज्या संघाकडे आहे तोच संघ हरला. आता पहिल्या संघाच्या पाचव्या मुलाने शेवटच्या मैलात सहा जणांना मागे टाकून ३५ वा क्रमांक मिळवला असता, तर बेरीज ७१ झाली असती आणि संघ एका गुणाने जिंकला असता. चढावर ताकदीच्या आणि कमकुवत धावपटूंमधले अंतर सपाटीपेक्षा जास्त रुंदावते. म्हणून चढउतारांच्या वाटेची तयारी करताना कोचचे सर्वाधिक लक्ष चौथ्या, पाचव्या आणि सहाव्या मुलाकडे असायला हवे.

वाट आधी पायाखालून घालावी

शर्यतीच्या आदल्या दिवशी किंवा किमान त्या सकाळी पूर्ण वाट चालून पाहावी. नकाशावर चढ किती उंच आहे हे कळते, पण चढ संपल्यावर पुढे काय आहे हे चालल्याशिवाय कळत नाही. होमडेलच्या पहिल्या मैलात चढाचा भाग मोठा आहे. मधल्या टप्प्यात ‘बोल’ नावाची प्रसिद्ध जागा येते, म्हणजे वाडग्यासारखा एक खोलगट भाग, जिथे वाट झपकन खाली उतरते आणि श्वास घ्यायची उसंत न देता पुन्हा वर चढते. शेवटच्या मैलात उतार जास्त आहे. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधल्या व्हॅन कोर्टलंड पार्कची मांडणी अगदी वेगळी आहे. तिथे सुरुवातीला विस्तीर्ण सपाट मैदान लागते, मुले त्यावर बेभान सुटतात आणि मग झाडीतले मागचे चढ त्यांची वसुली करतात. कॅलिफोर्नियात वॉलनट येथे माउंट सॅन अँटोनियो कॉलेजची वाट आहे, तिला सगळे ‘माउंट सॅक’ म्हणतात. तिच्यावर स्विचबॅक्स, पूप आउट आणि रेझरवॉयर असे नावाजलेले तीन चढ एकामागून एक येतात आणि शेवटचा चढ पाय पूर्ण थकल्यावर समोर उभा राहतो. या तीन वाटांवर एकच आखणी चालणार नाही.

चालताना मुलांनी प्रत्येक चढावर दोन जागा हेरून ठेवाव्यात: चढ जिथे खरोखर संपतो ती जागा, आणि तिच्या पुढे तीस पावलांवरची एखादी खूण. झाड, बाक, वाटेचे वळण, काहीही चालेल. बहुतेक मुले मनातल्या मनात चढ माथ्याच्या थोडा आधीच संपवतात आणि माथ्यावर पोचताच सुटकेचा नि:श्वास टाकून पाय सैल सोडतात. नेमके त्याच क्षणी पुढे जाणे सर्वांत सोपे असते, कारण आजूबाजूचे सगळे दम खात असतात. आमच्या संघात ‘झाडापर्यंत’ हा एकच शब्द वापरतात. चढ चढताना कोणाला मागे टाकायचे नाही, माथा ओलांडून झाडापर्यंत मात्र दम खायचा नाही. मुलांना एवढे पुरते.

जमीनही नीट पाहून घ्यावी. गवत, खडी, ओली पाने, वर आलेली मुळे, मध्येच येणारा डांबरी तुकडा, यांवरून स्पाइक्सचे, म्हणजे तळाला खिळे असलेल्या बुटांचे, खिळे ठरवावे लागतात. कोरड्या घट्ट जमिनीवर सहा मिलिमीटरचे खिळे पुरतात, पाऊस होऊन चिखल झाला असेल तर नऊ किंवा बारा मिलिमीटरचे लागतात. खिळे बदलायची किल्ली संघाच्या पेटीत असायलाच हवी, आणि खिळे आदल्या रात्री घट्ट केलेले असावेत.

चढाचा हिशेब

चढावर वेग टिकवायचा प्रयत्न करणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. इटालियन शरीरक्रियाशास्त्रज्ञ अल्बर्टो मिनेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वेगवेगळ्या उतारांवर धावायला किती ऊर्जा लागते हे मोजले होते. त्यांच्या आकड्यांनुसार दहा टक्के चढावर, म्हणजे शंभर मीटरला दहा मीटर उंची वाढते अशा चढावर, तेवढेच अंतर धावायला सपाटीच्या जवळजवळ पावणेदोनपट ऊर्जा खर्च होते, तर दहा टक्के उतारावर साधारण चाळीस टक्के ऊर्जा वाचते. म्हणजे चढाने जेवढे घेतले तेवढे उतार परत देत नाही. सपाटीवर सहा मिनिटांना मैल धावणारा मुलगा घड्याळाकडे पाहत चढावरही तोच वेग धरू लागला, तर त्याचे स्नायू काही क्षणांतच जड होतात आणि तो जडपणा माथ्यावर उतरत नाही, पुढचा अर्धा मैल पायांतच राहतो.

म्हणून मुलांना वेगाऐवजी श्वास सांभाळायला शिकवावे. सपाटीवर ज्या लयीत श्वास चालतो, तीच लय चढावर टिकवायची आणि त्यासाठी वेग जेवढा कमी होईल तेवढा होऊ द्यायचा. पाऊल आखूड, पावलांची गती तीच, शरीर कमरेतून न वाकता घोट्यापासून किंचित पुढे झुकलेले, हात सपाटीपेक्षा थोडे जोरात मागे जाणारे आणि नजर समोर आठ-दहा पावलांवर. दमलेला मुलगा चढावर खाली पायांकडे पाहू लागतो. मान झुकली की खांदे झुकतात, खांद्यांमागून कंबर वाकते आणि मग गुडघा वर उचलेनासा होतो. ‘मान वर’ ही कडेला उभ्या असलेल्या माणसाने द्यायची एकमेव उपयुक्त सूचना आहे. ‘जोरात पळ’ असे ओरडण्याने काहीही साधत नाही, कारण तो आधीच जोरात पळत असतो.

यातला एक प्रसंग मला विसरता येत नाही. अशाच एका शनिवारी आमच्या मुलांनी पहिल्या चढावर पहिल्या दहा जणांत राहायचे असे आपापसांत ठरवले होते आणि आम्ही मोठ्यांनी त्यांच्या उत्साहाला आवर घातला नाही. माथ्यावर आमचे चौघे खरोखरच पुढच्या घोळक्यात होते. दोन मैलांच्या खुणेपाशी मी उभा होतो. आमचा पाचवा मुलगा समोर आला तेव्हा त्याच्या ओठांच्या कडांना पांढरी थुंकी सुकली होती, दोन्ही मुठी छातीशी आवळलेल्या होत्या आणि प्रत्येक पावलाला टाच खडीवर घासल्याचा आवाज येत होता. माझ्यासमोरून त्याला एकामागून एक नऊ जण ओलांडून गेले. शर्यत संपल्यावर तो मला एवढेच म्हणाला, “काका, मला चढ कळलाच नाही, मी घड्याळच बघत होतो.” त्याची काहीच चूक नव्हती. त्याला दुसरे काही पाहायला आम्ही शिकवलेच नव्हते. पुढच्या आठवड्यापासून सरावातल्या चढांवर मुलांची घड्याळे काढून ठेवायची पद्धत आम्ही सुरू केली.

सहा-सात आठवड्यांचा सराव

उन्हाळ्यात हळू धावण्याचा पाया घातलेला आहे असे येथे गृहीत धरले आहे. तो नसेल तर चढांचा सराव सुरू करू नये. पोटरी आणि टाचेमागचा स्नायुबंध यांवर चढाचा सर्वाधिक ताण येतो आणि तयारी नसलेले पाय तिथेच दुखावतात.

सुरुवात छोट्या, तीव्र चढांपासून करावी. सोप्या धावेच्या शेवटी आठ ते दहा सेकंद जवळजवळ पूर्ण ताकदीने वर धावायचे, चालत खाली यायचे आणि दोन मिनिटे पूर्ण विश्रांती घ्यायची. पहिल्या आठवड्यात चार वेळा, हळूहळू आठपर्यंत. याने दम वाढत नाही, पण पायाची ताकद आणि पाऊल टाकण्याची पद्धत सुधारते. दोन आठवड्यांनंतर आठवड्यातून एक दिवस मध्यम चढ घ्यावा: पाच ते आठ टक्क्यांचा, चढायला पाऊण ते एक मिनिट लागेल असा, सहा ते दहा फेऱ्या, पाच किलोमीटरच्या शर्यतीच्या जोराने, हलके धावत खाली. प्रत्येक फेरी माथ्यावर संपवू नये. माथ्यापुढे सपाटीवर तीस पावले त्याच जोराने धावूनच थांबावे. शर्यतीत जी सवय हवी ती सरावातच अंगी बाणवावी लागते.

न्यूझीलंडचे विख्यात प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड यांच्या सराव पद्धतीत चढांवरच्या उड्यांचा एक वेगळा टप्पाच असे, आणि त्यांचे धावपटू ऑकलंडजवळच्या वायटारुआच्या डोंगरवाटेवर बावीस मैलांची दौड करीत. त्यांत आठशे मीटर धावणारा पीटर स्नेलही होता. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये स्नेलने आठशे मीटरमध्ये आणि मरे हॅलबर्गने पाच हजार मीटरमध्ये एकाच दिवशी सुवर्णपदक मिळवले. शाळकरी मुलांनी तेवढे अंतर मुळीच धावू नये, पण आठवड्याची लांब, सावकाश धाव सपाट रस्त्याऐवजी उंचसखल वाटेवर घ्यावी हा त्यातला घेण्यासारखा भाग आहे. साउथ माउंटन रिझर्व्हेशनसारख्या जंगलवाटा त्यासाठी उत्तम आहेत.

उताराचा सराव मात्र जवळजवळ सगळेच संघ टाळतात, आणि माझ्या मते चढउतारांच्या शर्यतीत सर्वाधिक क्रमांक तिथेच फुकट जातात. उतारावर घाबरलेले मूल मागे रेलते, टाच पुढे रोवते आणि प्रत्येक पावलाला स्वतःलाच ब्रेक लावते. हे शिकवायला मऊ गवताचा, चार ते सहा टक्क्यांचा शंभर मीटरचा उतार शोधावा. शरीर उताराला काटकोनात राहील इतके पुढे, पाऊल पुढे न फेकता शरीराच्या खालीच टाकायचे, पावले जलद, कोपरे तोल सांभाळण्यापुरती बाहेर. आधी निम्म्या वेगाने चार वेळा, नंतरच्या आठवड्यांत वेग वाढवत सहा वेळा. लहान मुले टेकडीवरून जशी खिदळत, हात पसरून खाली येतात तसे धावा, असे सांगितले की मुलांच्या अंगातला ताठरपणा जातो.

उताराच्या सरावामागे आणखी एक कारण आहे. खाली येताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच जोर लावत असतो आणि त्यामुळे त्याच्या तंतूंना सूक्ष्म इजा होतात. ज्याला सवय नाही त्याच्या मांड्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी इतक्या दुखतात की जिना उतरवत नाही. परंतु एकदा असा ताण पडून गेला की स्नायू पुढचे काही आठवडे त्याच ताणाला चांगले तोंड देतात. म्हणून उताराचा पहिला सराव शर्यतीच्या किमान तीन-चार आठवडे आधी व्हावा आणि शेवटचा जोरकस सराव शर्यतीच्या दहा-बारा दिवस आधी संपवावा.

सरावात मुलांना त्यांच्या ताकदीनुसार गटांत विभागावे. चौथा, पाचवा, सहावा आणि सातवा हे एकत्र चढ चढतील आणि माथ्यावर एकमेकांच्या चार पावलांत असतील, असा नियम घालावा. अनोळखी गर्दीत आपल्याच शाळेची जर्सी शेजारी दिसली की मूल हात-पाय गाळत नाही, याचा अनुभव मी पुन्हा पुन्हा घेतला आहे.

आहाराविषयी, विशेषतः शाकाहारी घरांसाठी

शर्यतीच्या आदल्या रात्री नेहमीचेच जेवण द्यावे. वरण-भात, मऊ पोळी, दही हे उत्तम चालते. उसळी, कोशिंबिरींचा भरणा आणि तळणीचे पदार्थ त्या रात्री नकोत, कारण त्यांचा त्रास सकाळी पोटात कळ येऊन होतो. शर्यतीच्या अडीच ते तीन तास आधी कमी तेलाचे पोहे, उपमा किंवा जॅम लावलेला ब्रेड आणि केळे पुरेसे असते. नवा पदार्थ शर्यतीच्या दिवशी कधीही खाऊ नये, मग तो कितीही पौष्टिक असो. पुरणपोळीचा डबा शर्यत संपल्यावर उघडावा; त्या वेळी तिच्याइतके चांगले खाणे दुसरे नाही.

लोहाच्या कमतरतेबद्दल मात्र मला आग्रहाने सांगायचे आहे. रक्तातला ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनला लोह लागते. वाढीचे वय, मासिक पाळी, दीर्घ अंतराचे धावणे आणि शाकाहार या चारही गोष्टी एका मुलीच्या वाट्याला एकत्र आल्या, तर शरीरातला लोहाचा साठा झपाट्याने घटू शकतो. अशी मुलगी सप्टेंबरमध्ये चांगली धावते आणि ऑक्टोबरमध्ये पहिल्याच चढावर तिचे पाय शिशाचे होतात; मग घरचे म्हणतात की अभ्यासामुळे थकली असेल, आणि कोचला वाटते की ती मन लावत नाही. तिला बोल लावण्याआधी डॉक्टरांकडे नेऊन हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनचीही, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याचीही, तपासणी करून घ्यावी. हिमोग्लोबिन ठीक दिसत असतानाही साठा रिता असू शकतो. तपासणीशिवाय लोहाच्या गोळ्या देऊ नयेत, कारण जास्त लोहही अपायकारक असते. रोजच्या आहारात हरभरे, मसूर, अळीव, पालेभाजी यांच्यासोबत लिंबू किंवा संत्रे असावे, कारण क जीवनसत्त्वामुळे वनस्पतीजन्य लोह अधिक शोषले जाते. जेवणासोबतचा चहा ते शोषण कमी करतो, म्हणून चहा जेवणानंतर तास-दीड तासाने घ्यावा.

शर्यतीची सकाळ

सुरुवातीच्या सुमारे पन्नास मिनिटे आधी अंग तापवायला लागावे. बारा ते पंधरा मिनिटे सावकाश धावताना पहिल्या चढाचा पायथा आणि माथा पुन्हा नजरेखालून घालावा, मग हातापायांच्या हालचाली, स्पाइक्स घालून शंभर मीटरच्या चार-पाच वेगवान धावा, आणि शेवटची धाव इशाऱ्याच्या सात-आठ मिनिटे आधी. थंडी असेल तर वरचे कपडे अगदी शेवटी काढावेत. ते सांभाळायला एका पालकाने रेषेपाशी थांबावे.

पहिले तीनशे मीटर थोडे अवघड असतात. वाट लगेच अरुंद होत असेल तर फार मागे राहूनही चालत नाही, कारण अरुंद चढावर पुढच्याला ओलांडायला जागाच नसते. अशा वेळी सुरुवात नेहमीपेक्षा थोडी जलद करून जागा मिळवावी आणि चढाच्या पायथ्याशी जाणीवपूर्वक श्वास सावरावा. चढावर आपला घोळका धरून ठेवायचा, माथ्यावरून ‘झाडापर्यंत’ जोर, उतारावर पाय मोकळे. होमडेलच्या बोलसारख्या जागी खाली उतरताना मिळालेला वेग पहिल्या आठ-दहा पावलांत वर वाहून न्यायचा आणि मग लगेच पाऊल आखूड करायचे. तळाशी वेग तोडला तर समोरचा चढ दुप्पट वाटतो.

शर्यतीनंतर काय मोजावे

अशा वाटेवरची वेळ सपाट वाटेवरच्या वेळेशी ताडून पाहू नये. मुलगा आधीच्या शर्यतीपेक्षा चाळीस सेकंद हळू आला म्हणून हिरमुसतो, पण त्याने मागच्या वेळेपेक्षा बरेच धावपटू मागे टाकलेले असतात आणि ते त्याला कोणी सांगत नाही. त्यासाठी पालकांनी एक काम अंगावर घ्यावे. एकाने मुख्य चढाच्या पायथ्याशी, दुसऱ्याने माथ्यापुढच्या खुणेपाशी आणि तिसऱ्याने शेवटच्या अर्ध्या मैलाच्या सुरुवातीला उभे राहून, आपल्या सातही मुलांचे क्रमांक मोजून वहीत लिहावेत. गर्दीत अचूक मोजणे कठीण असते, दोन-तीनची चूक झाली तरी चालते. घरी आल्यावर चार आकडे शेजारी मांडावेत: पायथा, माथा, शेवटचा अर्धा मैल, अंतिम क्रमांक. पायथ्याला ५२, माथ्यावर ५८, अर्ध्या मैलाला ४६ आणि शेवटी ४१ असे आकडे असतील, तर त्या मुलीने चढावर सहा जणांना जाऊ दिले आणि नंतर सतरा जणांना गाठले. तिचा चढ बिघडलेला नाही, तिची शर्यत उत्तम झाली आहे. उलट माथ्यावर १८ आणि शेवटी ४० असलेल्या मुलाने चढावर जास्तीचा खर्च केला. माथ्यावर ३०, अर्ध्या मैलाला ४३ असे आकडे असतील आणि मधला भाग उताराचा असेल, तर त्याला दमापेक्षा उतार शिकवायची गरज आहे.

त्यानंतरचे दोन दिवस फक्त हलके धावणे किंवा सायकल. मांड्यांचे दोन्ही बाजूंचे बोथट दुखणे तीन-चार दिवसांत ओसरते. नडगीच्या हाडावर एकाच ठिकाणी बोट ठेवल्यावर कळ येत असेल, किंवा एकाच पायाचे दुखणे धावताना वाढत जात असेल, तर धावणे थांबवून डॉक्टरांना दाखवावे. हाडाला बारीक चीर पडण्याची ती सुरुवात असू शकते. सोमवारी कोचने वही समोर ठेवून प्रत्येक मुलाशी पाच मिनिटे स्वतंत्र बोलावे, आधी पाचव्या, सहाव्या आणि सातव्याशी, आणि ज्याचे क्रमांक जिथे गेले त्याच प्रकारची जागा शोधून गुरुवारचा सराव तिथे घ्यावा.